इतिवृत्तात न आलेलं

स्टेलीब्रिज, लँकेशायर. डिसेंबर १८६२.
सभा साडेसहाला सुरू झाली.
सातपर्यंत मी दौत मांडीत धरून
शाई वितळवत होतो.

नदीपलीकडे चौदा धुराडी, सगळी थंड,
आणि आभाळ इतकं स्वच्छ
की लहान पोरं बिचकतात.
एवढ्या चांदण्या त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

विषय पहिला: सूप.
तिकिटं चारशे, माणसं नऊशे.
चर्चा झाली.

विषय दुसरा: लंडनहून आलेलं पत्र.
खासदार लेथम कळवतात की
अमेरिकेतल्या यादवीत सरकार तटस्थ आहे.
तटस्थ. शब्द मी सुबक काढला.
तटस्थ म्हणजे तटावर उभा,
पाण्यात कोण बुडतंय ते बघणारा,
बूट कोरडे.

उत्तरेला दुखवावं तर गहू अडतो,
दक्षिणेला दुखवावं तर कापूस,
तो तसाही अडलेलाच आहे.
बर्कनहेडच्या गोदीत एक जहाज उभं राहतंय,
त्याला नाव नाही, तोफांसाठी भोकं आहेत,
आणि सरकारला भोकं दिसत नाहीत.
मंत्रिमंडळाचं तळ्यात-मळ्यात चाललंय,
असं मी लिहिलं.
मग खोडलं.

हॅलिवेल उठले. तीन गिरण्या, बाराशे माग.
म्हणाले, आरमार पाठवा, नाकेबंदी फोडा.
गुलामगिरी वाईटच, कोण नाही म्हणतो?
पण आधी आपली माणसं.
‘आपली माणसं’ म्हणताना त्यांचा हात
पार शेवटच्या बाकापर्यंत पसरला.
टाळ्या पडल्या. खऱ्या होत्या.
त्यात माझ्याही होत्या. घरी खाणारी तोंडं पाच.

मग त्याच शेवटच्या बाकावरून
टॅबिथा शॉक्रॉस उभी राहिली, कुणी न सांगता.
मत तिला नाही. मलाही नाही.
मताचा हक्क असलेले त्या खोलीत पाचजण,
आणि पाचही जेवून आलेले.

म्हणाली, तीस वर्षं पिंजणखात्यात काढली.
न्यू ऑर्लिन्सचा कापूस, सायीसारखा.
एकदा गाठीतून केसांची बट निघाली,
बारीक, कुरळी. लेकराची असावी.
मुकादमाला दाखवली नाही.
शेगडीत टाकवेना.
अजून सुईदोऱ्याच्या डबीत आहे.
आरमार पाठवायचं तर पाठवा,
पण ती डबी मी कुठे ठेवू
ते आधी सांगा.

बराच वेळ फक्त खोकले.

मग हॅलिवेलच म्हणाले,
सुरतेचा माल येतोय की!
लोक हसले. तसं हसू मी मयताला ऐकलंय.
सुरतेचा म्हणतात, येतो वऱ्हाडातून, खानदेशातून;
धागा आखूड, सरकी, माती,
दिवसभर सांधत बसा, मजुरी निम्मी.
सोमवारच्या गाठीत पाच शेर दगड निघाले
आणि हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा.

ही कोण? टॅबिथाने विचारलं.
हिला विचारलंय का कुणी,
ही तटस्थ आहे का?

अध्यक्ष म्हणाले, हा मुद्दा विषयपत्रिकेवर नाही.

मतं घेतली. अकरा विरुद्ध अकरा.
ठराव तहकूब.
लंडनला कळवायचं ठरलं
की स्टेलीब्रिजची जनता संयमी आहे.
पत्राची नक्कल मीच केली,
‘संयमी’वर शाईचा डाग पडला,
टीपकागद नव्हता, तसंच पाठवलं.

टॅबिथाचं मी एका ओळीत घेतलं:
‘एका स्त्रीने प्रश्न विचारला.’
कोणता, ते अध्यक्षांनी गाळायला लावलं.

घरी धाकटी जागीच होती.
उद्या धूर निघेल का, म्हणाली.
म्हटलं, सरकार विचार करतंय.
ती खिडकीशी गेली
आणि चांदण्या मोजायला लागली.
अठ्ठावीसपर्यंतच येतं तिला.
अठ्ठावीस झाले की परत एकपासून.