उजवा पाय

कळंगुटच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता आहे,
दोन तळव्यांचा, रंगीत, खालच्या कोपऱ्यात बुरशी धरलेला.
अंगठ्यात डोकं, टाचेत कंबर,
करंगळीच्या बुडाशी खांदा.
अख्खा माणूस घडी घालून ठेवलाय
दोन तळव्यांत.

इस्मेनियाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या,
दुखतं तिथं दाबायचं नाही, शेवंती,
आधी त्याचा पत्ता पायात शोधायचा.
मी मान हलवली. बोलले नाही, की
आमच्या पिसुर्ल्यात ताप डोक्यात गेला की आई
काशाच्या वाटीनं तळवे घासायची
लोणी काळं पडेस्तोवर,
आणि मग ती वाटी मागीलदारी नेऊन
राखेनं घासत बसायची, घरापासून लांब,
ताप अजून तिच्या बुडाला चिकटून असल्यासारखी.

दिवसाला अकरा जोड पाय येतात.
उन्हानं सोललेले, बेचक्यांत वाळू,
एकाच्या घोट्यावर गोंदलेला मासा.
समुद्राचा आवाज मोबाइलवर लावून ठेवतो आम्ही.
खरा समुद्र गल्लीपलीकडेच आहे,
जनरेटरमुळे ऐकू येत नाही.
परवा एका रशियन बाईच्या करंगळीखाली अंगठा रोवला
तर ती रडू लागली, मोठ्यानं,
शेजारच्या खाटेवरचा उठून बसला.
मी टॉवेल दिला, आणि अंगठा न काढता थांबले.
रडण्याचे वेगळे दोनशे ठेवून गेली.

म्हापशाहून शेवटची बस. डिचोलीपर्यंत उभ्यानं.
घरी झिलू.
अंगणात झिलूचा टिपर, चाकांना दगड लावलेले,
हौद्यात अळू उगवलंय.
खाण ते आमोण्याचा धक्का, दिवसाला सात खेपा, अठरा वर्षं.
आता खाण बंद आहे
आणि पायाला ते कुणी सांगितलेलं नाही.
झोपेत उजवा पाय दाबत राहतो,
चढणीला जोरात, धक्का आला की हलका.
पोटरीत गाठ, जांभळाएवढी.

मी जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर शेकते,
आगरवाड्याचं मीठ, तडतडतं.
खोबरेलात निर्गुडीचा पाला सोडते, करपायच्या आत काढते,
आणि पाय मांडीवर घेते.
टाचेच्या भेगांत अजून तांबडी माती आहे.
आंघोळीनं जात नाही ती, तेलानं थोडी वर येते,
माझ्या नखांत जाऊन बसते.

काळीज खंय आसा गो यात, झिलू विचारतो.
मी सांगते, तक्त्यात दोन जागी आहे,
हृदय डाव्या पायात, यकृत उजव्यात.
तो हसतो. म्हणतो, मटणवाला तोलून देतो तेही काळीज
आणि धडधडतं तेही काळीज,
उगाच कशाला दोन पायांत वाटून टाकलं?
मला उत्तर येत नाही.
दुसरा पायही मांडीवर ओढून घेते.

पाऊण तासानं माझाच अंगठा वळेना.
सांध्याशी फुगलाय, हरभऱ्याएवढा.
हे त्याला मी सांगितलं नव्हतं.
तो उठून बसला, अंगठा मुठीत धरला
गिअरच्या गुंडीसारखा.
पहिला. दुसरा. तिसरा घालताना मी ओरडले,
तसा परत मागे, सावकाश,
न्यूट्रलवर आणून तिथंच डावीकडे उजवीकडे
हलवून बघत राहिला, मोकळा झाला का.
इस्मेनियाबाईंना हे दाखवावं लागेल.

दिवा मालवला. निर्गुडीचा वास उशीपर्यंत आलेला.
मध्यरात्री पाय हलला. मी जागीच होते.
अंधारात चाचपून पाहिलं तर डावा.
क्लच दाबला असेल.
गाडी उभी करताना तो दाबतात म्हणे,
आणि सुरू करतानाही.
मला गाडी येत नाही.