मानस

खाजणाच्या बांधातल्या दाराला
आमच्या आगरवाड्यात मानस म्हणतात.
भरतीला फळ्या मिटतात,
ओहोटीला उघडतात. कुणी हात लावत नाही.

तीन रात्री न झोपता सगुणने होडी विकली,
अख्ख्या वाड्याला शागोती जेवू घातली.

आता बांबोळीची गोळी. लिथियम.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेही मीठच.
जन्मभर मीठ ओढलेल्या माझ्या भावाने
ती आधी जिभेवर धरून पाहिली.

'होडी विकली ती मीच,' म्हणतो,
'मग आता पस्तावतोय तो
मी, की गोळी?'
मला कुठलं ठाऊक. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

बराच वेळ गोळी तळहातावर.
मग गिळली.
बाहेर खाडी चढत होती.
अंधारात फळ्या मिटल्याचा आवाज आला.