अधिक-उणे सात मीटर

सात यंत्रं, सुट्या बॅटऱ्यांची एक पिशवी
आणि पाठ केलेला धडा, एवढं घेऊन मी
बिश्केकहून दक्षिणेला उतरले,
अक्रोडाच्या जंगलात,
जिथे शरदात शाळेलाही कुलूप असतं
कारण मास्तर झाडावर असतात.

वनकचेरीत नऊजण बसले होते.
सगळ्यांची बोटं काळी.
अक्रोडाच्या हिरव्या सालीचा डाग साबणाला जुमानत नाही,
पहिला बर्फ पडेपर्यंत तो जात नाही म्हणे.
पडद्याला हात लावायला ते कचरत होते,
जणू मी त्यांच्यापुढे पांढरी चादर अंथरली होती.

मी म्हटलं, वर उपग्रह फिरतात.
निदान चार दिसले की आपण कुठे आहोत ते कळतं.
"चार साक्षीदार?" एर्गेश म्हणाला,
"आमच्यात दोघांवर निकाह लागतो."
जो हशा पिकला त्यात मीही हसले
आणि धड्यातलं पुढचं वाक्य विसरले.

दुपारी रानात.
पानांच्या दाट छपराखाली यंत्र बावरलं.
आम्ही जागच्या जागी उभे,
आणि पडद्यावरचा निळा ठिपका चालतोय,
ओढ्यापलीकडे, परत अलीकडे, पुन्हा पलीकडे,
घरी काहीतरी राहून गेल्यासारखा.
थांबा, मी म्हटलं, मोकळं आकाश शोधू.
जिल्दिझने वहीत तेच उतरवून घेतलं.
(तिची वही नंतर पाहिली.
थांबा. मोकळं आकाश शोधा.
खाली एक गाय काढलेली. बरी जमली होती.)

एर्गेशकडे हद्द दिली, खंड एकेचाळीस.
बत्तीस वर्षं तो ती हद्द चालतोय,
अंगात ताप असताना, पोटात व्होडका असताना,
एकदा खांद्यावर लंगडं कोकरू घेऊन.
कापडावर चिकटवलेल्या जुन्या नकाशात ती सरळ रेघ आहे,
कुणीतरी टेबलाशी बसून पट्टीने मारलेली.
त्याच्या पावलांची रेघ मी संध्याकाळी संगणकावर उतरवली.
ती वाकत गेली, दोनदा थबकली,
एका जागी अर्धगोल काढून
पुन्हा मुकाट वाटेला लागली.

इथे यंत्र चुकलं का, मी विचारलं.
नाही. इथे झाड होतं. वळसा घालावा लागायचा.
आणि आता?
आता झाड नाही.

बिंदूला प्रकार द्यावा लागतो : वृक्ष, खुंट, ओढा, हद्दीचा दगड, इतर.
त्याने इतर निवडलं.
मग नाव. काळ्या तर्जनीने एकेक अक्षर
शोधून शोधून टाकलं : माम्बेत.
आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. हे काय?

मी सांगितलं, सात मीटर.
तेवढं इकडेतिकडे असू शकतं. यंत्र आपली चूक स्वतःच सांगतं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
"सहा साहेब येऊन गेले इथे.
एकानेही नाही सांगितलं तो किती मीटरने चुकतो."

चहा ओतताना जिल्दिझ हळूच म्हणाली,
माम्बेत त्याचा धाकटा भाऊ.
शेंड्यावरची फांदी झोडपायला चढला होता.

त्या रात्री झोप येईना म्हणून हिशेब केला.
सात मीटर त्रिज्या, म्हणजे एकशे चोपन्न चौरस मीटर.
जुन्या अक्रोडाची सावली साधारण एवढीच पडते,
भर दुपारी, पानं असताना.
तेवढ्यात कुठेतरी तो आहे. यंत्र याहून जास्त बोलत नाही.

शहरातून विचारणा आली आहे :
इतर या रकान्यात एक नोंद, स्पष्टीकरण द्यावे, अन्यथा वगळावी.
मी उत्तर लिहायला घेते आणि बॅटऱ्या मोजत बसते.
दोन यंत्रांच्या काचांवर काळे ठसे आलेत.
ओल्या कापडाने पुसले, मग स्पिरिटने.
इथे अजून बर्फ पडलेला नाही.