पोच

आत्याची बकरी चोरीला गेली
तेव्हा आधी बेडा हसलाच.
पारध्याच्या घरी चोरी!
मग हसू थांबलं. बकरी गाभण होती.

दारव्हा रस्त्यावरच्या ठाण्यात
आत्या आपल्या पायानं गेली.
आजवर तिला तिथं नेलंच होतं.
पायरीशी चपला काढल्या तिनं.
मी म्हटलं, घाल.
तिनं हातात धरल्या.

अंमलदार म्हणाला, "कोणाची बकरी आणली?"
"आणली नाही जी. गेली."
"कोठं गेली?"
"मले माहीत असतं त इथं कायले आली असती?"
दहावी शिकलेली म्हणून मी बोलणार होते.
बोलली आत्याच.

कोपऱ्यातल्या नव्या शिपाईबाईनं,
छातीवर डोंगरदिवे लिहिलेलं,
रजिस्टर ओढलं.
रंग? कबरा. खूण? डावा कान चिरका.
शाईची डबी उघडली
तशी आत्यानं दहाही बोटं पुढं केली.
"एकच," बाई म्हणाली,
"फिर्यादीचा एकच अंगठा लागतो."

वाटभर आत्या तो शब्द
सुपारीसारखा चघळत राहिली.
फिर्यादी.

चौथ्या रात्री कुत्री उठली.
पांदणीवर गाडीचा उजेड.
पळा, असं आमच्यात कोणी म्हणत नाही.
पोर काखेत, चुलीवर पाणी,
आणि सगळा बेडा तुरीत.
मी पण. दहावी शिकलेली.

"रूपकलाबाई पवार कोण आहेत?"
बाईचा आवाज. आहेत म्हणाली.
तुरीत कोणी श्वास सोडेना.
मग बकरी ओरडली.
आत्याची नखं माझ्या मनगटात रुतली,
त्यावरून कळलं, तिनं ओळखलं.
पुन्हा हाक. पुन्हा बकरी.
आत्या उठली नाही.
गाडी गेली, तरी उजाडेपर्यंत
आम्ही तिथंच.

सकाळी बकरी खुंट्याला,
दोरी नवी, नायलॉनची.
पुढ्यात आमच्याच घमेल्यात पाणी.
दगडाखाली कागद: माझी बकरी मला परत मिळाली.
खाली अंगठ्यापुरती जागा कोरी.

मी वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, पुन्हा वाच.
मग विझल्या चुलीतला कोळसा घेऊन
तिनं अंगठा काळा केला,
कागदाच्या वर धरला
आणि तसाच धरून ठेवला.

"ठाण्यात जाऊन देईन," म्हणाली,
"तिच्या हातात.
पण आज नाही.
आज बाजार हाये."