दोनशेवीसवर दहा मिनिटं

सेफ क्रोम्पफुट्सनं पहिल्याच दिवशी बजावलं,
"आधी त्याला विसरू दे.
दोनशेवीस अंश, दहा मिनिटं.
नऊ नाही. साडेनऊसुद्धा नाही."

काचेच्या दोन चकत्यांमध्ये
साबुदाण्याएवढा पॉलिप्रॉपिलीनचा दाणा
वितळून पसरायचा,
आणि मायक्रोस्कोपखाली नुसता काळोख.
काळोख दिसला की सगळं ठीक आहे
हे अंगवळणी पडायला मला आठवडा लागला.
त्या काळोखात लांबलचक रेणू
न विंचरलेल्या केसांसारखे एकमेकांत,
कुणाचं टोक कुठे, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसलेले.

मग एकशे अडतीसवर आणून ठेवायचं.
स्वस्थ सोडलं तर ते घाई करत नाहीत.
बऱ्याच वेळानं एक ठिपका,
पोटावर काळी फुली घेऊन फुगत जाणारा,
मग दूर कुठेतरी दुसरा.
तोवर सेफ डबा उघडतो,
खिडकीतून बोट दाखवतो:
तिथे धुराडं होतं. तिथे पाळणा खाली जायचा.
हेर्लेनमध्ये आता तिथे गाड्या उभ्या राहतात.
वडील तीस वर्षं त्या पाळण्यातून उतरले.
खाण बंद झाली, घर बदललं,
तरी स्वयंपाकघराच्या दारात ते वाकायचेच.
"दार उंच होतं," सेफ म्हणतो, आणि पाव चावतो.

पण एक सेकंद,
एकच सेकंद वरची चकती फिरवली तर.

आखूड रेणू लगेच सैलावतात,
ओढ संपली की पुन्हा गुंडाळून बसतात.
लांब असतात ते अडकतात:
एक टोक प्रवाहात, दुसरं गुंत्यात.
फार नसतात, हजारात एखादा.
त्यांना ताठ व्हायची हौस नसते,
त्यांना सुटता येत नाही, एवढंच.
आणि त्या ताठ अंगावर
बाकीचे येऊन बसतात, थरावर थर,
सळईवर लावलेल्या कबाबासारखे.
(शास्त्रातही हेच नाव आहे. सेफ ते सांगताना
दर वेळी स्टेशनजवळच्या तुर्की दुकानाकडे बघायचा.)
चार तासांचं काम चार मिनिटांत.

मार्चमध्ये एका नमुन्यानं
चकती न फिरवताच घाई केली.
काळोखात उजळ रेघा, सगळ्या एकाच दिशेनं,
गवतावरून कुणी नुकतंच चालून गेल्यासारख्या.
मी तीन आठवडे आलेख काढले.
नवं काही सापडलंय असं वाटून
खोखरूनमध्ये आईलाही फोन केला.

सेफ आलेख बघायचा आणि कॉफी आणायला जायचा.
चौथ्या सोमवारी कोट न काढताच म्हणाला,
"तो दाणा जुना होता, यांत्शे.
सकाळी मीच त्याला ओढला होता.
तुला द्यायचा म्हणून पुन्हा वितळवला,
तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला.
सातव्या मिनिटाला काढला मी तो."

मला रागवायचं होतं. तीन आठवडे.
पण मी विचारलं,
वडील?
"गुरुवारी."
आणि थोड्या वेळानं,
"पेटीत सरळ झोपवलं होतं.
मी त्यांना कधी इतकं उंच पाहिलं नव्हतं."

मग त्यानं नवा दाणा चिमट्यात धरला,
चकत्यांमध्ये ठेवला, तापमान लावलं,
आणि स्टूल ओढून घड्याळासमोर बसला.
दहा झाली.
मी चिमटा पुढे केला, त्यानं घेतला नाही.
अकरा.
बारा.
मायक्रोस्कोपात केव्हाचा काळोख होता,
स्वच्छ, एकसारखा,
आणि तरीही तो बसून होता,
दारातून आत यावं तशी
मान किंचित खाली घालून.