एक कमी

सेलूच्या जिनिंगात मदारभाईनं सात वर्षं बॉयलर पेटवला.
रुई नाकात, पगार हाली शिक्क्यात.
कुणी म्हणालं, मुंबईला गोदीत कलदार देतात.

जहाज आधी कापूसच न्यायचं.
'आपलाच,' तो म्हणायचा, 'गाठीवरचा शिक्का वळखला मी.'
लढाई लागली तसा त्याला राखाडी रंग फासला,
नावावरनं ब्रश फिरला,
गाठींच्या जागी पेट्या. आत काय, विचारायचं नाही.
मागच्या डेकवर एक तोफ,
वरातीला उसन्या आणलेल्या घोड्यासारखी बावरलेली.

'समुद्र? दोन वर्षांत पाच-सहा येळा बघितला आसंल.
मी खाली. कोळसा, फावडं, भट्टी.
जिनिंगच ते, निस्तं हलणारं.

वर चाळीस जहाजं वळीनं, एकालाबी दिवा नाही.
बिडीसुद्धा मुठीत.
आन् कायदा एकच : मागलं बुडालं तरी थांबायचं नाही.
एका राती पत्र्यातून ऐकू आलं.
सायब म्हणला, कोळसा टाक.
टाकला.'

एवढं सांगून तो चहा बशीत ओतायचा
आणि प्यायचा विसरायचा.

पौषात पाथरीच्या रस्त्यानं रात्री कापसाच्या गाड्या यायच्या,
प्रत्येकीखाली कंदील.
मदारभाई वेशीपाशी उभा, ओठ हलवत.

त्या साली रवळगावच्या निवृत्तीच्या गाडीचा आख मोडला
मागं, ओढ्यात.
बाकीचे निघून आले. सकाळी भाव फुटणार होता.

हा पहिल्या बैलांपुढं आडवा झाला,
शिव्या खाल्ल्या, कासरा सोडला नाही.
'एक कमी हाय,' म्हणाला. 'वळवा.'