सहा फूट नऊ इंच

खांब आणि पंपरूम यांच्यामध्ये
सहा फूट नऊ इंच.
ब्लाउजच्या मापाची टेप लावून दोनदा मोजलं,
टेपचं दुसरं टोक वॉचमन रामनिहोरच्या हातात.
एकवीस वर्षं ही जागा माझ्या नावावर आहे
आणि एकवीस वर्षं मी तिथं
दिवाळीआधी गाद्या वाळवत आले.

प्रणितनं शीट बनवून पाठवली:
तीन गाड्या, सव्वीस ओळी.
मायलेज, एअरबॅग, सर्व्हिसचा खर्च,
पाच वर्षांनी विकली तर हातात काय येईल.
पाच वर्षांनी मी एकसष्टची.
त्याची ओळ शीटमध्ये नाही.

चेंबूरच्या शोरूममधल्या पोरानं
सगळं भाऊजींना समजावलं.
डिकी, पिकअप, टर्निंग रेडियस.
भाऊजी मान डोलवत होते. त्यांना सायकलही येत नाही.
मग माझ्याकडे वळून, "मॅडम, रंग कुठला बघायचा?"
म्हटलं, क्लच किती जड आहे ते सांग.
वडाळ्याच्या आरटीओत तिसऱ्या खेपेला पास झालेय मी,
आणि या डाव्या गुडघ्यात
तेहतीस वर्षांच्या नाइट ड्यूट्या आहेत.

सीएनजीवाली रोजच्याला स्वस्त पडते,
पण डिकीत आडवा सिलिंडर.
नको.
सिलिंडरशेजारी पुष्कळ बसलेय.

फॉर्मवर होतं, घरात माणसं किती?
मी एक लिहिलं.
पोरगा सवयीनं म्हणाला, "मागच्या सीटला लेगरूम तर..."
आणि थांबला.
तेवढ्यापुरता बरा वाटला मला.

अँब्युलन्सवरचे साळुंके रिटायर होताना म्हणाले होते,
"सिस्टर, गाडी घ्याल तेव्हा इंजिन मागनं बघा.
आधी दार लावा, आणि ऐका."
म्हणून लावली दारं.

पहिलीचं वाजलं फरसाणाच्या डब्यासारखं.
दुसरीचं दोनदा ओढलं तरी आतला दिवा विझेना.
तिसरीचं लागलं
आणि बाहेरचं सगळं एकदम लांब गेलं:
रस्त्याचं खोदकाम,
मोनोच्या खांबाखाली भांडणारे दोन रिक्षावाले,
काचेपलीकडे भाऊजींचं तोंड, नुसतं हलणारं.
किती वेळ बसले कोण जाणे.
एका खोलीत सात जणांत वाढलेली मी,
मग हॉस्टेल, मग सासर, मग वॉर्ड नंबर नऊ,
जिथल्या दाराला कडी नसतेच.
माझ्या हातानं लागलेलं,
आतून लागलेलं दार
मला आठवत नव्हतं. न्हाणीघर सोडून.

तिसरी अठ्ठेचाळीस हजारांनी महाग.
लिटरमागे दोन किलोमीटर कमी पळते.

प्रणितला कळवलं, एक ओळ वाढव: दार.
त्याचा उलट प्रश्न, "मावशी, युनिट काय लिहू?"

रात्री जेवण उरकून खाली गेले.
खडूनं आखली तिसरी गाडी, रुंदी पाच फूट सहा.
उरले पंधरा इंच.
डावीकडे पंपरूमला चिकटवून लावली
तर खांबाच्या बाजूनं निघते मी,
पोट आत घेऊन, पर्स डोक्यावर धरून.
दोनदा निघून पाहिलं.
मग प्लास्टिकची खुर्ची आणली,
रेषेच्या आत, उजव्या अंगाला ठेवली,
बसले.

रामनिहोर टॉर्च घेऊन आला.
खडूच्या रेषेबाहेरच थांबला.
"मॅडम, कहाँ जाना है?"
"कुठं नाही रे. आरसे नीट करतेय."
तो काही बोलला नाही.
रेषेला वळसा घालून मागे गेला,
टॉर्च काखेत धरली
आणि दोन्ही हातांनी खुणावू लागला,
आने दो, आने दो.